खाडीची वाट आणि नांगरावरची रात्र

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले पुष्कळ आहेत, लढाया पुष्कळ आहेत, घाटहि आहेत. परंतु खाड्या फार थोड्या आढळतात. कोकणचा नकाशा समोर पसरला म्हणजे मात्र निराळें चित्र दिसतें. ठाण्यापासून तेरेखोलपर्यंत समुद्रानें जमिनींत जागोजाग बोटें खुपसलीं आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळ बोटांच्या टोकांशीं एकेक जुनी पेठ वसलेली आहे. रेवदंड्याच्या खाडींत रोहें, बाणकोटच्या खाडींत महाड, दाभोळच्या खाडींत चिपळूण, जयगडच्या खाडींत संगमेश्वर, जैतापूरच्या खाडींत राजापूर आणि विजयदुर्गच्या खाडींत खारेपाटण. मुखाशीं बंदर आणि शेवटाशीं पेठ, अशी ही जोडी किनाऱ्यानें दक्षिणेकडे जातांना पुन्हां पुन्हां भेटते.

ही जोडी कशी जमली, तिच्यामधला प्रवास कसा चाले, आणि त्या प्रवासांत वाटेवर नांगर टाकून काढलेल्या रात्रीचें काय महत्त्व होतें, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रवास म्हटला कीं आज आपणांस घड्याळ आठवतें. खाडीवरच्या माणसास तिथि आठवे. समुद्राचें पाणी सुमारें सहा तास चढतें आणि सुमारें सहा तास उतरतें. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांनीं येते, म्हणून आजची भरती उद्यां सुमारें पन्नास मिनिटें उशिरां लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत अधिक चढतें आणि सर्वांत अधिक उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी, तो भांग. मोठ्या उधाणाला मुंबई बंदरांत पाणी साडेचार मीटरांहूनहि अधिक चढतें. आमच्या किनाऱ्यावर यासाठीं एक सोपें गणित आहे. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास साधारणपणें हातीं येतो. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शाळेंत मीं हें गणित फळ्यावर मांडीत असें, तेव्हां कोळ्यांचीं मुलें हसत. कारण तें त्यांना अक्षरओळख होण्यापूर्वींच ठाऊक असे.

आतां या गणिताचा प्रवासाशीं संबंध पहा. दाभोळपासून चिपळूणपर्यंत खाडीची वाट सुमारें ४५ किलोमीटर आहे. हरिहरेश्वर-बाणकोटच्या मुखापासून महाडच्या जवळपर्यंतची वाटहि जवळजवळ तितकीच. भरलेला मचवा भरतीच्या ओढीनें आणि थोड्या वाऱ्यानें तासाला पांचसहा किलोमीटर चालला, तर एका भरतीच्या सहा तासांत तो तीस-पस्तीस किलोमीटर जाईल. म्हणजे चिपळूण किंवा महाड हीं गांवें एका भरतीच्या टप्प्याबाहेर राहिलीं. ओहोटी लागली कीं पुढें सरकणें अशक्य. वल्हीं मारून मारून खलाशांचे खांदे मोडतील, पण होडी जागची हलणार नाही. तेव्हां नांगर टाकावयाचा आणि पुढच्या भरतीची वाट पहावयाची, एवढा एकच मार्ग उरे. ही भरती रात्रीं आडवेळीं आली, किंवा काळोखांत खडकांची भीति असली, म्हणजे अख्खी रात्र नांगरावर निघे.

वाऱ्याचाहि यांत हिशेब असे. दिवसा, विशेषतः दुपारीं, समुद्राकडून खारे वारे वाहतात. रात्रीं व पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात. म्हणून खाडींतून वर जावयाचें तर दुपारची भरती उत्तम, आणि खाडींतून बाहेर समुद्रावर पडावयाचें तर पहाटेची ओहोटी उत्तम. ज्या दिवशीं पाणी आणि वारा या दोहोंची वेळ जुळे तो दिवस तांडेलाचा. ज्या दिवशीं न जुळे त्या दिवशीं तो मुकाट्यानें थांबे, आणि उतारूंनाहि थांबावें लागे.

ही रीत किती जुनी आहे याचा एक पुरावा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें आपल्या पश्चिम किनाऱ्याचें वर्णन लिहून ठेवलें. त्याला ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखतात. नर्मदेच्या मुखांतून भडोचला जाणें किती कठीण होतें हें त्यांत सविस्तर सांगितलेलें आहे. तेथील राजाच्या चाकरींतले कोळी मोठ्या होड्या घेऊन मुखाशीं सामोरे येत, परदेशी गलबतांना ओढून आंत नेत, भरती लागली कीं निघत, आणि ओहोटीच्या वेळीं ठरलेल्या खोल डोहांत त्यांना नांगरून ठेवीत, असें तो लिहितो. म्हणजे नांगरण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. माहितगार माणसें नेमलेलीं होतीं. दोन हजार वर्षांपूर्वींच वाटेवरचा मुक्काम हा व्यवस्थेचा एक भाग होऊन बसला होता. तीच रीत आपल्या कोकणच्या खाड्यांवर शीड आणि वल्हीं होतीं तोंपर्यंत चालली.

नांगर टाकणें हें पाहणाऱ्यास सोपें वाटतें. तें तसें नाहीं. तळाशीं चिखल असला तर नांगर रुततो. खडक असला तर घसरतो किंवा कायमचा अडकतो. दोर पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट सोडावा लागतो, आणि तोहि ओहोटीचें पाणी पाहून नव्हे, तर मध्यरात्रीं चढणारी भरती मनांत धरून. उतरत्या पाण्यांत कांठाला फार जवळ नांगरलेला मचवा पहाटे चिखलांत कलंडलेला सांपडावयाचा. रात्रभर पाण्याची ओढ सारखी बदलते. ओहोटी चालू असतांना होडीचें तोंड डोंगराकडे असतें. भरती सुरू झाली कीं ती आपल्या दोराभोंवतीं हळूहळू फिरते आणि तोंड समुद्राकडे करते. उतारूंना याचा पत्ताहि नसे. सरावलेला तांडेल मात्र होडी फिरतांना जागा होई, कारण त्याच्या दृष्टीनें ती निघण्याची सूचना असे. वाळूच्या पेटींतल्या चुलीवर शिजलेला भात, डोक्यावर गुंडाळलेलें शीड, दोन्ही तीरांवर तिवरांची काळी रांग, आणि कोठेंतरी दुसऱ्या नांगरलेल्या मचव्याचा कंदील, असा हा मुक्काम असे.

इतिहासांतील एक प्रसिद्ध प्रवास या वाटेनें झालेला आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठीं १६७४ च्या मे महिन्यांत इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून निघाला. त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून नारायण शेणवी होता. या प्रवासाची हकीकत डॉ. फ्रायर या समकालीन इंग्रजाच्या १६९८ सालीं छापलेल्या पुस्तकांत वाचावयास मिळते. मंडळी शिबाडांतून समुद्रमार्गें निघाली आणि रात्रीं नऊच्या सुमारास चौलापाशीं पोंचली. खालचें चौल, म्हणजे आजचें रेवदंडा, त्या वेळीं पोर्तुगीजांचें. त्याच्या कोटाचे दरवाजे बंद होऊन पहारे बसले होते. वकील असला म्हणून दरवाजा उघडला नाहीं. रात्र कोटाबाहेर, एका लहानशा देवळांत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्यें काढावी लागली. वरचें चौल मराठ्यांचें होतें. तेथून पुढें ही मंडळी खाडीनें रोह्यासमोरच्या अष्टमीस गेली, आणि मग जमिनीवरून निजामपूर, पाचाड अशा मार्गानें रायगडास पोंचली.

या लहानशा हकीकतींत खाडीचें राजकारण सगळें दिसतें. मुखाशीं एका सत्तेचा कोट, त्याच्या आंत थोड्याच अंतरावर दुसऱ्या सत्तेचें गांव, आणि दोघांनाहि एकाच पाण्यावरून ये-जा. मुखावरचें बंदर श्रीमंत खरें, पण उघडें. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी दाभोळहून गलबतांत बसून परत निघाला, तेव्हां तें भरभराटलेलें बंदर होतें. १५०८ च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीजांच्या आरमारानें तेंच दाभोळ जाळून टाकलें. समुद्रावरून आलेल्या शत्रूला मुख सहज सांपडे. शेवटाकडील पेठ गांठावयाची तर त्याला भरती, वळणें, खडक आणि नांगरण्याच्या जागा या सर्वांची माहिती असणारा माणूस हवा. हें ज्ञान कोठेंहि कागदावर नव्हतें. तें खारव्यांच्या, भंडाऱ्यांच्या, कोळ्यांच्या आणि दालद्यांच्या घरांत बापाकडून मुलाकडे जात असे. रायगडासारखी राजधानी सह्याद्रीच्या कुशींत असूनहि समुद्रापासून तुटली नव्हती, कारण तिच्या पायथ्याजवळ महाड होतें आणि महाडला सावित्रीची खाडी होती. पुढें १७५६ सालीं पेशव्यांनीं बाणकोट इंग्रजांस दिलें. त्या व्यापारी लोकांस त्या उजाड टेकडीवरील किल्ल्याचें मोल वाटलें, तें त्याच्याखालून जाणाऱ्या वाटेमुळें.

व्यापाराची गोष्टहि अशीच. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरे: भोराकडून वरंध घाटानें महाडास, कऱ्हाडाकडून कुंभार्ली घाटानें चिपळुणास, कोल्हापुराकडून अणस्कुरा घाटानें राजापुरास. तेथें बैल थांबत आणि मचवे सुरू होत. धान्य, गूळ, तेल खालीं जाई. मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर येई. बैलाची चाल आणि भरतीची वेळ यांची सांगड घालण्यासाठीं माल कांहीं दिवस पडून राही, म्हणून वखारी झाल्या. माणसें थांबत, म्हणून धर्मशाळा झाल्या, देवळें झालीं, बाजार भरले. थांबण्यांतूनच ही पेठ वाढली.

ज्येष्ठांत पाऊस लागला कीं हें सारें बंद पडे. शिडाचीं गलबतें वर ओढून, झांपांनीं शाकारून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर पुन्हां पाण्यांत लोटीत. वर्षांतून तीन महिने समुद्र आपणांस नको म्हणतो, हें त्या लोकांनीं मान्य केलेलें होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगबोटी आल्या आणि या वाटेचें रूप पालटलें. आगबोट वाऱ्यासाठीं थांबत नाहीं. ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटून बंदरें घेत घेत दक्षिणेस जाई. पुष्कळ ठिकाणीं ती बाहेर खोल पाण्यांत उभी राही आणि पडावांतून उतारूंची चढउतार होई. खाडीच्या आंत मात्र अजून लहान बोटींचेंच राज्य होतें, आणि त्यांना भरती सुटली नव्हती.

याच काळांतला एक प्रवास ऑक्झेंडनच्या प्रवासाइतकाच स्मरणीय आहे. माझ्या मतें अधिकच. १९२७ च्या २० मार्च रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारों अनुयायांनीं प्राशन केलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत दुसरी परिषद भरावयाची होती. २४ डिसेंबरला बाबासाहेब आपल्या मंडळींसह ‘पद्मावती’ बोटीनें मुंबईहून निघाले. एक रात्र वाटेवर गेली. २५ तारखेस दुपारीं ते दासगाव बंदरावर उतरले. तेथें हजारों लोक त्यांची वाट पहात उभे होते. दासगावपासून महाडपर्यंतचे सुमारें पांच मैल ही सर्व मंडळी शिस्तीनें पायीं चालत गेली. त्याच दिवशीं रात्रीं महाडला मनुस्मृति जाळण्यांत आली. तळ्याच्या पाण्याचा कोर्टांतला निकाल पुढें १९३७ सालीं उच्च न्यायालयांत अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. ज्या खाडीनें शतकानुशतकें मीठ आणि धान्य वाहिलें, तिनेंच हीं माणसें वाहून आणलीं. खाऱ्या पाण्यावरून येऊन त्यांनीं गोड्या पाण्याचा हक्क मागितला. खाडीवर कोणाचें नांव लिहिलेलें नव्हतें. तळ्यावर मात्र लिहिलेलें होतें, आणि तें पुसावयाचें होतें.

त्याच वर्षाच्या ११ नोव्हेंबरला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी वादळांत सांपडून बुडाल्या. पुढें १९४७ च्या १७ जुलैस मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट कांशाच्या खडकानजीक बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आषाढी अमावास्येचा तो दिवस. ज्या महिन्यांत शिडाचें गलबत किनाऱ्यावर शाकारून ठेवीत, त्या महिन्यांत वेळापत्रकाप्रमाणें ती बोट सुटली होती. यंत्र आलें म्हणून समुद्राचा स्वभाव बदलत नाहीं, एवढें यांतून शिकण्यासारखें आहे.

आगबोटींचेंहि राज्य पुढें संपलें. मुंबई-गोवा मोटाररस्ता झाला, १९९८ च्या जानेवारींत कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि चाकरमानी रात्रीं गाडींत बसून सकाळीं गांवीं पोंचूं लागला. ही सोय मोठी आहे. जुन्या हालांसाठीं कोणी उसासे टाकण्याचें कारण नाहीं. परंतु वाट ओस पडली म्हणजे ती तशीच रहात नाहीं. खाडीची वाट बुजते.

बुजण्याचीं कारणें शत्रूच्या तोफांहून साधीं आहेत. डोंगरउतारावरचें रान तुटलें. पावसानें उघडी माती धुऊन नदींत आणली. जेथें भरतीच्या पाण्याचा जोर मंदावतो तेथें, म्हणजे नेमक्या पेठेच्या अंगाशीं, ती बसली. दुसरें कारण त्याहून सूक्ष्म आहे. शेतीसाठीं खाजणांना बांध घातले, त्यामुळें भरतीचें पाणी पसरण्याची जागा कमी झाली. जितकें पाणी आंत येतें तितकेंच बाहेर जातें, आणि बाहेर जातांना तेंच तळ घासून साफ करतें. आंत येणारें पाणी घटलें तशी घासणी घटली. पूर्वीं मचवेवाला गाळ चढल्याचें पहिल्यांदा ओळखी, कारण त्याचा पोट भरण्याचा प्रश्न असे. मचवा गेला आणि गाळाकडे पाहणारा माणूसहि गेला.

त्याचा हिशेब पुढें चुकवावा लागला. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टींत ज्या दासगावच्या बंदरावर बाबासाहेब उतरले, त्याच दासगावांत दरड कोसळून घरें गाडलीं गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण आणि महाड ही दोन्ही शहरें पाण्याखालीं गेलीं. दोनच दिवसांवर पौर्णिमा होती. समुद्र उधाणाकडे चढत होता, आणि डोंगराकडून आलेला लोंढा गाळानें उथळ झालेल्या पात्रांत मावत नव्हता. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारें पाणीहि याच वाशिष्ठींत येतें. अंगणांत तिथि आणि भरतीचें गणित मांडणाऱ्या जुन्या तांडेलास या तीन गोष्टी एकत्र येण्याचा अर्थ सांगावा लागला नसता. पुरानंतर चिपळूणच्या नागरिकांनीं आंदोलन केलें, आणि वाशिष्ठीच्या पात्रांतील गाळ उपसण्याचें काम सुरू झालें.

२०१६ सालीं भारत सरकारनें कायदा करून देशांतील १११ जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित केलें. त्या यादींत दाभोळ खाडी व वाशिष्ठी नदी, बाणकोट खाडी व सावित्री नदी, रेवदंडा खाडी व कुंडलिका नदी हीं नांवें आहेत. यादींत नांव येणें ही चांगली गोष्ट आहे. पण मार्ग कायद्यानें वाहात नाहीं. तो पाण्यानें वाहतो. वरचें रान, मधली माती, कांठचें तिवर आणि मुखाची वाळू या सर्वांकडे एकत्र पाहिलें तरच तो वाहील. आणि तो वाहिला तर होडीसाठींच नव्हे, पुराच्या पाण्यासाठींहि वाहील.

श्रोतेहो, जुन्या तांडेलाजवळ यंत्र नव्हतें, नकाशा नव्हता. आपल्या इच्छेहून मोठी अशी एक गति पाण्यांत आहे, तिच्याबरोबर चालावें आणि ती उलटली कीं थांबावें, एवढें एक शहाणपण त्याच्याजवळ होतें. महाड, चिपळूण, राजापूर हीं शहरें त्या शहाणपणावर उभीं राहिलीं. आज तेथें राहणाऱ्यांस तें पुन्हां शिकावें लागत आहे, आणि त्याची फी फार मोठी पडली आहे. आपल्या घरांतील मुलांना पंचांगांतली तिथि दाखवा, तिची पाऊणपट करावयास सांगा, आणि त्या वेळेला समुद्रावर किंवा खाडीच्या कांठीं नेऊन पाणी चढलेलें दाखवा. इतिहासाचा तो एक धडा पुस्तकांवांचून शिकतां येतो.